परतीचे तिकीट खिशात ठेवून

आपल्या बेटावरून परदेशी जाणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. कोणाची मुले शिकायला फ्रान्सला जातात, कोणी नोकरीसाठी लंडन गाठतो, तर कोणी आयुष्यात एकदा तरी पंढरपूर डोळ्यांनी पाहावे म्हणून मुंबईचे विमान धरतो. पण पदरचे पैसे खर्च करून परक्या गावी जायचे, तेथे परक्या आजारी माणसांचे कपडे धुवायचे आणि ठरल्या दिवशी परत यायचे, असा प्रवास आपल्या मराठी घरांतून फारसा कोणी केलेला नाही. आम्ही उभयतांनी तो २०१९ च्या जानेवारीत केला. कोलकात्याला मदर तेरेसांच्या भगिनींच्या घरी एकवीस दिवस काम करून आलो. त्या वेळी याबद्दल आम्ही काही लिहिले नाही. आज लिहावेसे वाटले, त्याला एक कारण घडले.

आमच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहते. त्या घरची बावीस वर्षांची मुलगी त्यांच्या चर्चतर्फे सहा महिने मादागास्करला सेवेसाठी गेली होती. गेल्या महिन्यात ती परत आली. आल्यापासून ती गप्पगप्प असते. जेवायला बसली की ताटाकडे बघत राहते, बुतिकमध्ये पाठवली की काही न घेताच परत येते. शेवटी तिच्या आईने तिला आमच्याकडे धाडले. "तुम्हीही जाऊन आलात, तुम्हीच तिला समजवा," असा निरोप. मुलगी आली, व्हरांड्यात बसली आणि तिने एकच प्रश्न विचारला. "तुम्ही तिथून निघालात, तेव्हा पळून आल्यासारखे वाटले का?"

आम्ही लगेच उत्तर दिले नाही. चहा दिला. ती गेल्यावर आम्ही दोघे उशिरापर्यंत बोलत बसलो. तिला जे सांगायला हवे होते तेच येथे लिहीत आहोत. आपल्या घरांतली मुलेही आज ना उद्या असे कोठेतरी जातील, तेव्हा त्यांनाही ते उपयोगी पडेल.

आम्ही कसे गेलो

आमचे जाणे त्या मुलीच्या आजीमुळे घडले. सगळी गल्ली त्यांना मादाम म्हणते. दरवर्षी सप्टेंबरच्या ८ तारखेच्या रात्री त्या पायी सांत-क्रुआला पेर लाव्हाल यांच्या समाधीला जातात. आपल्यापैकी किती हिंदू घरांतून त्या रात्री माणसे चालत जातात ते वाचकांना सांगायला नको. आमच्या घरातूनही नवस बोलून कोणी ना कोणी गेलेलेच आहे. अशाच एका रात्री, २०१८ साली, चालता चालता मादाम म्हणाल्या, "जानेवारीत आमच्या चर्चमधून सातजण कोलकात्याला जाणार आहोत. तुम्ही येता का?" आम्ही नुकतेच शाळेच्या नोकरीतून निवृत्त झालो होतो. हो म्हणून बसलो.

घरी मात्र गडबड उडाली. "ख्रिस्ती होणार की काय?" हा पहिला प्रश्न. "गणपतीला घरी असाल ना?" हा दुसरा. एका वडीलधाऱ्या नातेवाइकांनी तर फोनवर स्पष्टच सांगितले, की सेवा करायची तर आपल्या देवळात करावी, तिथे काय माणसे कमी आहेत? हा बोल आम्हांला लागला, कारण त्यात खोटे काही नव्हते. पण तेव्हा आम्ही तो मनावर घेतला नाही. त्याचा खरा अर्थ पुढे कळला.

धर्माविषयीचे आधीच सांगून टाकतो. तेथे आम्हांला धर्म कोणी विचारला नाही. नाव, देश, किती दिवस राहणार आणि कोणते काम झेपेल, एवढेच विचारले. सकाळी सहाला मिस्सा असे. यायचे तर या, नाही तर सातला नाश्त्याला या, असे होते. आम्ही बहुतेक दिवशी मागच्या बाजूला जमिनीवर बसत असू. आमच्याबरोबर जपानी बौद्ध मुली होत्या, स्पेनचे विद्यार्थी होते, आणि देवच मानत नाही असे सांगणारा एक जर्मन सुतारही होता. सगळ्यांना चहा, पाव आणि केळे सारखेच मिळे.

कोलकात्याची वाट

आम्ही मुंबईपर्यंत विमानाने गेलो आणि पुढे गीतांजली एक्सप्रेसने. सुमारे तीस तासांचा प्रवास. इगतपुरीचा घाट, भुसावळ, नागपूर, गोंदिया असे करीत गाडी महाराष्ट्र ओलांडते. स्टेशनांवरच्या मराठी पाट्या वाचताना आम्ही लहान मुलांसारखे मोठ्याने वाचत होतो. शेजारच्या बाकावरच्या बाईंनी विचारले, "कुठले हो तुम्ही?" मॉरिशसचे म्हटल्यावर त्यांनी डब्यातली थालीपीठे पुढे केली. आमची मराठी ऐकून त्या हसल्या. "माझी आजी असे बोलायची," म्हणाल्या.

कोलकाता शहराशी आपल्या बेटाचे जुने नाते आहे. १८३४ साली 'अॅटलस' नावाचे जहाज याच शहराच्या धक्क्यावरून निघाले आणि २ नोव्हेंबरला छत्तीस मजूर घेऊन पोर्ट लुईसला लागले. आपले मराठी पूर्वज मुंबईच्या बंदरातून आले खरे, पण आप्रवासी घाटाच्या त्याच सोळा पायऱ्या पुढे सगळ्यांनी चढल्या. हुगळीच्या काठी उभे राहिल्यावर मनात आले, की ज्या धक्क्यावरून लोक पोटासाठी आपल्या बेटावर गेले, तेथे आज आपण पोट भरलेले असताना परत आलो आहोत. हे सुख पूर्वजांच्या घामाचे, एवढे तरी विसरू नये.

मदर तेरेसांची गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. थोडक्यात सांगतो. त्या १९१० साली युरोपात स्कोप्ये येथे जन्मल्या. १९२९ च्या जानेवारीत भारतात आल्या. वीस वर्षांच्या आसपास त्यांनी शाळेत मुलींना शिकवले. १९४६ साली दार्जिलिंगच्या गाडीत त्यांना मठ सोडून गरिबांत जाऊन राहण्याची हाक जाणवली. १९४८ मध्ये त्या बाहेर पडल्या, पाटण्याला काही महिने शुश्रूषा शिकल्या, आणि १९५० मध्ये त्यांचा नवा संघ सुरू झाला. १९५२ साली कालीघाटाला, कालीमातेच्या देवळाला लागून असलेल्या धर्मशाळेची जागा महापालिकेने दिली आणि तेथे मरणाला टेकलेल्या माणसांसाठी 'निर्मल हृदय' उघडले. १९७९ साली त्यांना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. ५ सप्टेंबर १९९७ रोजी त्या गेल्या आणि २०१६ मध्ये त्यांना संतपद दिले गेले. त्यांची समाधी मठाच्या तळमजल्यावर आहे. साधा पांढरा ओटा, आणि त्यावर रोज फुलांच्या पाकळ्यांनी लिहिलेले एक छोटे वचन. झेंडूच्या पाकळ्या पाहून आम्हांला आपल्याच घरची पूजा आठवली.

दिवसाचे काम

आमच्या वाट्याला प्रेमदान नावाचे घर आले. पूर्वी ही एका रसायन कंपनीची इमारत होती. मठापासून पायी अर्ध्या तासाच्या आत. वाटेत पार्क सर्कसचा गजबजाट लागतो आणि रेल्वेचे रूळ ओलांडावे लागतात. घरात पुरुषांचा विभाग वेगळा आणि बायकांचा वेगळा. त्यामुळे दिवसभर आम्ही दोघे एकमेकांना दिसत नसू. संध्याकाळी सडर स्ट्रीटच्या खोलीत बसून एकमेकांना हकिकत सांगायची.

काम कोणते? पहिले काम कपडे धुण्याचे. आम्ही होतो तेव्हा ते हातांनीच होई. मोठमोठे हौद, एकात साबण, दुसऱ्यात साधे पाणी. चादरी आणि कांबळी दोघांनी दोन टोके धरून पिळायची आणि गच्चीवर नेऊन वाळत घालायची. मग नखे कापणे, अंगाला तेल लावणे, पाणी पाजणे, जेवण भरवणे, ताटे घासणे. साडेदहाच्या सुमाराला चहा आणि बिस्कीट. दुपारी बाराला आमचे काम संपे. गुरुवारी सुट्टी.

यात कठीण असे काही नाही, असे वाचकांना वाटेल. आम्हांलाही आधी तसेच वाटले होते. तिसऱ्या दिवशी कंबर धरली. पाचव्या दिवशी आमच्यातल्या पुरुषमाणसाला एका म्हाताऱ्याच्या पायाची जखम धुताना घेरी आली आणि त्याला बाहेर बाकावर नेऊन बसवावे लागले. लाज वाटली. एका सिस्टरने पाण्याचा पेला आणून दिला आणि म्हणाली, "उद्या ताटे घासा, परवा परत या." तिने उपदेश केला नाही, कौतुकही केले नाही. पुढचे सगळे दिवस आम्ही तिच्या त्या एका वाक्यावर काढले.

तेथे पगारी काम करणाऱ्या बायका असतात. त्यांना सगळे 'माशी' म्हणतात. बंगालीत माशी म्हणजे मावशी. पहिल्या दिवशी आम्हांला हसू आले होते. मग कळले, की हे घर सिस्टरांच्या बरोबरीने या माशींच्या हातांवर चालते. कोणाला कोणत्या कुशीवर वळवायचे, कोण गरम भात थुंकून टाकते, कोणाला रात्री भीती वाटते, हे त्यांना ठाऊक. आम्ही एकवीस दिवसांचे पाहुणे. त्यातले पहिले दहा दिवस शिकण्यात गेले.

'कबे जाबे?'

बायकांच्या विभागात खिडकीजवळच्या खाटेवर एक आजी होती. तिचे नाव येथे देत नाही. रस्त्यावरून उचलून आणलेली, एका डोळ्याने अधू. ती आमच्यातल्या बाईमाणसाचा हात धरायची आणि रोज एकच विचारायची, "कबे जाबे?" म्हणजे कधी जाणार? आपली भोजपुरी कानांवर असल्यामुळे एवढे बंगाली समजले. पहिल्या दिवशी बोटे दाखवली. दोन्ही हातांची दोनदा, आणि वर एक. दुसऱ्या दिवशी वीस. ती मान डोलवायची. आम्हांला वाटले, आजीला आमचा लळा लागला.

दुसऱ्या आठवड्यात माशीने खरे काय ते सांगितले. "ही सगळ्यांनाच विचारते. जे जाणार असतात त्यांच्याशी ती जपून बोलते. जे जाणार नाहीत त्यांच्याशी भांडते." आजी माशीशी रोज भांडायची. भात गरम नाही, वेणी घट्ट बांधली, पाणी उशिरा दिले. आमच्याशी मात्र कधी भांडली नाही. हे ऐकले आणि त्या दिवशी जेवण गोड लागले नाही. भांडायला माणूस आपले लागते. पाहुण्याशी कोण भांडतो?

खिशात परतीचे तिकीट असलेला माणूस आणि खाटेवरचा माणूस यांच्यात हे अंतर असते. तेलाने आणि साबणाने ते जात नाही. आमच्या मते अशा प्रत्येक स्वयंसेवकाने पहिल्या दिवशीच हे समजून घ्यावे. आम्हांला ते तेराव्या दिवशी समजले.

शेवटचा दिवस

मठात एक पद्धत आहे. नाश्त्यानंतर, कामाला निघण्यापूर्वी, त्या दिवशी ज्यांचा मुक्काम संपतो त्यांना मध्ये उभे करतात आणि बाकीचे सगळे टाळ्या वाजवीत त्यांच्यासाठी निरोपाचे गाणे म्हणतात. एकवीस दिवसांत आम्ही ते कितीतरी जणांसाठी म्हटले होते. त्या सकाळी आम्ही मध्ये उभे होतो. मादाम रडल्या, आम्हीही रडलो. हातात एक लहानसे पदक मिळाले. जर्मन सुताराने पाठीवर थाप मारली.

मग शेवटचे प्रेमदानला गेलो. नेहमीसारखे कपडे धुतले. बारा वाजले तेव्हा हौदात तीन कांबळी उरली होती. माशीला नमस्कार केला आणि जायला निघालो. ती आमच्या डोळ्यांतल्या पाण्याकडे पाहत होती. मग हौदाकडे बोट दाखवून म्हणाली, "काल के आशबे?" बंगालीत 'काल' म्हणजे उद्यासुद्धा. उद्या कोण येणार? ती रागावून बोलली नाही. तिला खरोखर माहिती हवी होती, कारण ती कांबळी कोणीतरी पिळायची होती.

आम्ही पुन्हा बाह्या सरसावल्या, तिन्ही कांबळी पिळली आणि गच्चीवर टाकली. मठात पोचायला उशीर झाला. पण गाण्यातल्या निरोपापेक्षा हा निरोप आमच्या जास्त लक्षात राहिला. आजीने त्या दिवशी काही विचारले नाही. तिला दिवस बरोबर मोजता येत होते.

टीका करणारे काय म्हणतात

मदर तेरेसांच्या कामावर टीकाही पुष्कळ झाली आहे आणि ती लपवून ठेवणे बरोबर नाही. १९९४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाचे संपादक रॉबिन फॉक्स कालीघाटचे घर पाहून आले आणि त्यांनी लिहिले, की रोगाचे नीट निदान होत नाही आणि वेदना कमी करणारी औषधे पुरेशी नाहीत. १९९५ मध्ये ख्रिस्तोफर हिचेन्स यांनी तर एक कडक पुस्तकच लिहिले. हौशी स्वयंसेवकांविषयीही असेच बोलले जाते. हे लोक येतात, मन हलके करून घेतात, फोटो काढतात आणि जातात. विमानाच्या भाड्याच्या पैशात एखाद्या माशीचा कितीतरी महिन्यांचा पगार निघेल.

आम्ही वैद्य नाही, म्हणून औषधांबद्दल बोलत नाही. पण भाड्याचा हिशेब आम्ही त्या व्हरांड्यात बसून खरेच केला. टीका खोटी आहे असे म्हणवत नाही. एवढेच म्हणू, की आम्ही नुसते पैसे पाठवले असते तर हात धुऊन मोकळे झालो असतो. तेथे गेल्यामुळे ते जमले नाही. आता हा फायदा आजीचा की आमचा, असे कोणी विचारले तर प्रामाणिकपणे सांगावे लागेल, की जास्त आमचाच.

जे राहिले आणि जे गेले

या विषयावर विचार करताना आम्हांला दोन माणसे आठवली. एक आपल्या बेटाचे पेर लाव्हाल. नॉर्मंडीचा हा डॉक्टर धर्मगुरू झाला आणि १४ सप्टेंबर १८४१ रोजी येथे उतरला. गुलामी कायद्याने १८३५ साली संपली होती, पण सुटलेल्या माणसांना कोणी विचारत नव्हते. लाव्हाल त्यांच्यात राहिले, त्यांची क्रेओल बोली शिकले आणि ९ सप्टेंबर १८६४ रोजी याच मातीत गेले. तेवीस वर्षांत ते परत गेले नाहीत. १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले, पण सांत-क्रुआला चालत जाणाऱ्या लोकांनी त्याची वाट पाहिली नव्हती.

दुसरे डॉक्टर विल्यम वानलेस. आपल्या पूर्वजांच्या मुलखाजवळचे, मिरजेचे. ते कॅनडातून १८८९ साली आले. मिरजेला त्यांचे मिशन हॉस्पिटल १८९४ मध्ये सुरू झाले. त्यांनी रोग्यांवर शस्त्रक्रिया तर केल्याच, शिवाय तेथल्या तरुणांना वैद्यकी शिकवली. १९२८ साली ते निघून गेले आणि १९३३ मध्ये अमेरिकेत वारले. म्हणजे त्यांचाही मुक्काम संपला. पण जाण्यापूर्वी काम करणारे हात तयार झाले होते. 'उद्या कोण येणार?' या प्रश्नाला त्यांनी आधीच उत्तर देऊन ठेवले होते.

सगळ्यांनी लाव्हाल व्हावे असे कोणी म्हणणार नाही. वानलेस होणेही सोपे नाही. मग तीन आठवडे किंवा सहा महिने जाऊन येणाऱ्यांनी काय करावे? याचे उत्तर आम्हांला कोलकात्यात मिळाले नाही. ते आमच्याच बेटावर मिळाले, आणि ते सांगताना मान खाली जाते.

आमची आत्या

आमच्या घरी एक आत्या होती. लग्न केले नव्हते. आमच्यातल्या एकाला आईच्या माघारी तिनेच वाढवले. उसाच्या मळ्यात पहाटे जाऊन, परत येऊन, फराटा भाजून शाळेत पाठवले. २०१६ मध्ये ती न्हाणीघरात पडली. आमच्या नोकऱ्या, वरच्या मजल्याचा जिना, अशी सगळी कारणे होती आणि ती खोटी नव्हती. तिला एका वृद्धाश्रमात ठेवले. आपल्याकडे पुष्कळजण अजून त्याला 'कुवां'च म्हणतात. पहिल्यांदा दर रविवारी जायचो. मग महिन्यातून एकदा. कोलकात्याला निघण्यापूर्वी तिला भेटायला जायचे राहूनच गेले. बॅगा भरायच्या होत्या.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी तिच्याकडे गेलो. दुपारची जेवणाची वेळ होती. एक मुलगी तिला भरवत होती, भराभर, कारण तिला अजून आठजणींना भरवायचे होते. आत्या तोंड मिटून बसली होती. ती मुलगी क्रेओलमध्ये "उघड, उघड" म्हणत होती. आत्याला क्रेओल चांगले येत होते. पण म्हातारपणी डोके थकले की माणूस पहिल्या भाषेत परत जातो. आम्ही चमचा हातात घेतला आणि म्हटले, "आत्या, थोडा भात खा." तिने आमच्याकडे पाहिले, तोंड उघडले आणि खाल्ले. मग विचारले, "कधी जाणार तुम्ही?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. कोलकात्याच्या आजीची भाषा आम्हांला येत नव्हती, तरी तिच्याकडे रोज अर्धा तास चालत जात होतो. इथे भाषा आमचीच होती आणि बसने वीस मिनिटे लागत होती, तरी पाय वळत नव्हते. त्या वडीलधाऱ्या नातेवाइकांचा बोल तेव्हा कळला. 'आपल्याकडे काय माणसे कमी आहेत?'

त्यानंतर आम्ही बुधवार आणि रविवार ठरवून घेतले. सगळे एकदम सुरळीत झाले असे नाही. जिना तसाच होता, आत्याला घरी आणता आले नाही. ही खंत आहे आणि राहील. पण नखे कापणे, तेल लावणे, कुशीवर वळवणे, हे आता आम्हांला येत होते. ज्या माशीने शिकवले तिला ते कधी कळणार नाही. हळूहळू शेजारच्या खाटेवरच्या दोघींनाही आमची सवय झाली. आत्या बोलू लागली. मळ्यातल्या गोष्टी, तिच्या लहानपणीच्या झाकरीच्या रात्री, कोणत्या घरचा ढोलकीवाला चांगला. आणि एका रविवारी भात थंड आहे म्हणून ती आमच्याशी कडाडून भांडली. बाहेर आल्यावर आम्ही दोघे बसथांब्यावर हसत होतो. येणारे-जाणारे पाहत राहिले.

२०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे सगळे बेट बंद झाले. सुमारे दहा आठवडे भेट नव्हती, फक्त फोन. तिला फोनवर आवाज ओळखू येत नसे. जूनमध्ये पुन्हा जाता आले. नोव्हेंबरात ती गेली. आम्ही जवळ होतो. मादामही आल्या होत्या. त्यांनी त्यांची प्रार्थना म्हटली, आम्ही आमची.

मुलीला उत्तर

तेव्हा मुली, तुझ्या प्रश्नाचे उत्तर हो असे आहे. आम्हांला पळून आल्यासारखे वाटले. वाटायलाच हवे. ज्याला निघताना काहीच वाटत नाही, तो तिथे पोचलाच नव्हता असे समजावे. पण ताटाकडे बघत बसून मादागास्करच्या मुलांचे पोट भरत नाही. तू तिथे काय शिकलीस ते आठव. मुलांना शिकवायला शिकलीस, की जखम बांधायला, की लांबून पाणी आणायला? ते काम आपल्या बेटावर कोठे पडून आहे ते शोध. फार लांब जावे लागणार नाही. आणि तिथे जे मागे राहिले आहेत, जे रोज येतात, त्यांना पत्र लिहीत जा. त्यांची नावे विसरू नकोस.

आपल्या पूर्वजांच्या कराराची मुदत पहिल्या काळात पाच वर्षांची असे. मुदत संपल्यावर काही परत गेले, पुष्कळ येथेच राहिले. ज्यांनी राहायचे ठरवले त्यांच्यामुळे आज आपण आहोत. कागदावरची मुदत संपली म्हणून त्यांचे काम संपले नाही. तसेच हे आहे. विमान उतरते, मुक्काम संपतो, पदक पेटीत पडते. आमचे पदक देवघरात आहे, गणपतीच्या बाजूला. पाहुणे विचारतात, तेव्हा आम्ही आत्याची गोष्ट सांगतो.

ती मुलगी परवा पुन्हा आली होती. बुधवारी आमच्याबरोबर येऊ का, असे तिने विचारले. आत्या गेली तरी आम्ही जातोच, कारण शेजारच्या खाटेवरच्या दोघींपैकी एक अजून आहे. ये म्हटले, पण साडेअकराला पोचायचे, म्हणजे जेवण गरम असते.